पाण्यावरची पोच

लेखमाला : बिनतारी गाव – लेखांक 6

आपल्या हट्टा गावापासून समुद्र चारशे किलोमीटरहून लांब आहे. आपल्याकडे नावेची आठवण निघते ती पूर्णेला पूर आला की. मग बोटीवर राहणाऱ्या माणसाला इंटरनेट कसं मिळतं, याची उठाठेव आपण का करायची? कारण रेंज म्हणजे काय, हे पाण्यावर जितकं स्वच्छ कळतं तितकं गावात कळत नाही. गावात टॉवरच्या आणि आपल्यामध्ये पत्र्याचं घर येतं, लिंबाचं झाड येतं, पुरुषभर वाढलेला ऊस येतो. दोष कुणाला द्यायचा, तेच समजत नाही. समुद्रात मध्ये काहीच नसतं. तरीही रेंज जाते.

ती जाते पृथ्वीच्या गोलाईमुळे. टॉवरच्या लहरी थोड्याफार वाकतात, पण फार नाही. क्षितिजाच्या जरा पलीकडे गेलं की पाण्याचा फुगवटाच आडवा येतो. याचा हिशेब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचं वर्गमूळ काढावं आणि त्याला 4.12 ने गुणावं. जे येईल तितके किलोमीटर तिचं क्षितिज. किनाऱ्यावरचा टॉवर 40 मीटर उंच असेल, तर त्याचं क्षितिज 26 किलोमीटर. बोटीवर उभ्या माणसाच्या हातातला फोन पाण्यापासून तीन मीटरवर असेल, तर त्याचं सात. दोन्हींची बेरीज 33. यापुढे फोन कितीही महाग असो, टॉवर त्याच्या दृष्टीआड जातो.

हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात फोन त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. मच्छीमारांसाठीच्या सरकारी माहितीत मोबाईल किनाऱ्यापासून 10 ते 12 किलोमीटरपर्यंतच चालतो, असं धरलेलं असतं. राज्याची सागरी हद्द 12 सागरी मैल, म्हणजे 22 किलोमीटर. म्हणजे हद्दीच्या आत असतानाच बोटीचा जगाशी संबंध तुटू शकतो.

33 चे 12 होतात त्याची कारणं टॉवर बसवणाऱ्यांच्या हिशेबात आहेत. कंपनी टॉवर उभारते तो वस्तीसाठी. माशांना सिमकार्ड विकता येत नाही. त्यामुळे अँटेनाचं तोंड गावाकडे आणि किंचित खाली झुकवलेलं असतं. समुद्राकडे जातं ते उरलंसुरलं. जुन्या 2G ची आणखी एक गंमत आहे. त्यात टॉवर प्रत्येक फोनला बोलायला क्षणाचा छोटा तुकडा वाटून देतो. फोन लांब असेल तर त्याचा आवाज उशिरा पोचतो आणि शेजाऱ्याच्या तुकड्यात घुसतो. हा उशीर सांभाळायची सोय 35 किलोमीटरपर्यंतच ठेवलेली आहे. कोकणातल्या एखाद्या उंच सड्यावरच्या टॉवरचा आवाज त्यापलीकडे खणखणीत ऐकू आला, तरी तो टॉवर साध्या 2G फोनला दारात उभा करत नाही. 4G च्या मानकात याहून पुष्कळ लांबची सोय आहे, पण ती वापरायची की नाही हे कंपनीच्या हातात.

खरं दुखणं मात्र याहून साधं आहे आणि ते हट्ट्याच्या शिवारातही तसंच आहे. फोनवरच्या रेंजच्या कांड्या टॉवरचा आवाज आपल्याला किती ऐकू येतो एवढंच दाखवतात. आपला आवाज टॉवरला ऐकू येतो का, हे त्या सांगत नाहीत. टॉवर वीस-चाळीस वॅट ताकदीने बोलतो. 4G फोनची कमाल ताकद असते 200 मिलिवॅट, म्हणजे वॅटचा पाचवा हिस्सा. टॉवरचे कान तीक्ष्ण असतात म्हणून हा विषम संवाद निभतो, पण कडेला गेलं की आधी तुटतो तो आपल्याकडून जाणारा धागा. दोन कांड्या दिसत असतात, आलेला मेसेज वाचता येतो, आणि आपण पाठवलेल्या मेसेजपुढे घड्याळाची खूण तशीच राहते. रेंज फुल्ल, नेट गुल म्हणून आपण कंपनीला शिव्या घालतो. कधी त्या योग्यच असतात, कारण टॉवरवर गर्दी झाली तरी असंच होतं. ससून डॉकसारख्या गजबजलेल्या बंदरात बोटी दाटीवाटीने लागल्या की याचाही अनुभव येत असणार. पण खुल्या पाण्यावर बहुतेक वेळा आपलाच आवाज क्षीण पडलेला असतो.

त्यामुळे बोटीवर नेट हवं असेल तर पहिला खर्च फोनवर करू नये, उंचीवर करावा. दीड मीटरवरच्या फोनचं क्षितिज पाच किलोमीटर. तोच नऊ मीटरच्या डोलकाठीवर नेला तर बारा. फुकटात सात किलोमीटर वाढले. जुना फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून वर बांधावा आणि त्याचा हॉटस्पॉट खाली घ्यावा, इतकं साधंही चालतं. ट्रॉलर लोखंडी असेल तर केबिनमध्ये बसून रेंज शोधण्यात अर्थ नाही, लोखंड लहरी अडवतं. लाकडी आणि फायबरच्या बोटीत तेवढा अडसर नसतो.

जो माणूस खरोखर बोटीवरच राहतो, त्याने सिम टाकायचा राउटर आणि बाहेरची अँटेना घ्यावी. दुकानदार इथे हमखास एक चूक करायला लावतो. तो अँटेना काठीवर लावतो, राउटर खाली केबिनमध्ये ठेवतो आणि मधे दहा मीटर बारीक केबल सोडतो. त्या केबलमध्येच निम्म्याहून जास्त ताकद जिरते. उंचीने कमावलं ते केबलने गमावलं. राउटरच पाणबंद डबीत घालून वर अँटेनाजवळ ठेवावा आणि खाली साधी नेटवर्कची वायर आणावी. तिच्यातूनच त्याला वीजही देता येते. वीज फार लागत नाही. आठ वॅटचा राउटर दिवसभरात 192 वॅट-तास खातो, आणि 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची बॅटरी भरलेली असताना 1,200 वॅट-तास देऊ शकते.

अँटेना एका दिशेची घ्यावी की चहूबाजूंची? जेट्टीला बांधलेल्या बोटीला एका दिशेची उत्तम. नांगरावरची बोट मात्र भरती-ओहोटीबरोबर फिरते आणि टॉवरकडे रोखलेली अँटेना तासाभराने भलतीकडेच बघत राहते. तिथे चहूबाजूंची बरी. तीही फार ताकदीची नको, कारण अशा अँटेनाचा पट्टा चपटा होत जातो आणि बोट डुलली की तो आभाळात किंवा पाण्यात जातो.

5G च्या चिन्हाला भुलू नये, हे मी मागेही लिहिलं होतं. 700, 850, 900 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात. 2,300 आणि 3,500 च्या वेगवान, पण जवळच्या. किनारा सुटला की फोन सेटिंगमध्ये जाऊन 4G वर बांधून ठेवावा. अजिबात रेंज नसेल तर विमान मोड लावावा, नाहीतर टॉवर शोधण्यातच बॅटरी संपते. सिम दोन वेगळ्या कंपन्यांची असावीत. अर्थात त्यातही गोम आहे. अनेक ठिकाणी दोन कंपन्यांच्या अँटेना एकाच मनोऱ्यावर असतात, आणि वादळात त्याची वीज गेली की दोघी एकदमच मुक्या होतात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कित्येक गावांचे फोन दिवसचे दिवस बंद होते. तिथे दुसरं सिम असून नसून सारखं.

बाजारात मिळणारा बूस्टर मात्र घेऊ नका. परवान्याशिवाय असा रिपीटर लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. खराब बूस्टर टॉवरच्या कानात गोंगाट ओततो आणि परिसरातल्या सगळ्यांचंच नेट बिघडवतो.

गोड्या पाण्यावर शत्रू बदलतो. सिद्धेश्वर आणि येलदरीच्या जलाशयात मासे धरणाऱ्यांना पृथ्वीच्या गोलाईशी देणंघेणं नाही. तिथे धरण खोलगटात असतं आणि मधे डोंगर उभा राहतो. याचं टोकाचं रूप नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेवर दिसतं. सरदार सरोवराच्या फुगवट्याने अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या काठच्या पाड्यांना रस्त्यापेक्षा पाणी जवळचं झालं. तिथे आरोग्य खात्याचे तरंगते दवाखाने बोटींवर चालतात. मणिबेलीला तर मतदान पथकही बोटीने जातं. सातपुड्याच्या घळीत डोलकाठी कितीही उंच केली तरी टॉवर दिसत नाही. माझ्या मते महाराष्ट्रात बोटीवर भरवशाचं नेट मिळवून द्यायचा पहिला मान हौशी नौकाविहाऱ्यांचा नाही, या दवाखान्यांचा आहे.

क्षितिजापलीकडे गेलं की उरतो उपग्रह. याची निकड किती, ते 2017 च्या ओखी वादळाने दाखवलं. मोठ्या बोटी आठवडा-आठवडा खोल समुद्रात असतात. वादळाचा इशारा निघाला तेव्हा कित्येक जण आधीच रेंजबाहेर गेले होते. किनाऱ्यावर बायकामुलं वाट बघत होती आणि कुणालाच काही कळवता येत नव्हतं. त्यातल्या केरळ-तमिळनाडूच्या 68 बोटी 952 मच्छीमारांसह आपल्या देवगड बंदरात सुखरूप लागल्या, तेव्हा कुठे तेवढ्या घरांचा जीव भांड्यात पडला. त्या काळातही बोटींवर इस्रोने तयार केलेलं संकटसूचक यंत्र असे. बटण दाबलं की उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला इशारा जाई. उणीव एकच होती. इशारा पोचला की नाही, ते दाबणाऱ्याला कळत नसे. बुडत्या बोटीवर तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत बसलेल्या तांडेलाची अवस्था डोळ्यांसमोर आणून बघा. जानेवारी 2024 मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत उलटा निरोप येतो : तुमचा इशारा मिळाला.

त्याच वर्षी 30 ऑगस्टला पालघरमध्ये एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची केंद्राची योजना जाहीर झाली. सुमारे 360 कोटी रुपयांचं काम. हे यंत्र ब्लूटूथने खलाशाच्या फोनला जोडतात आणि फोनवरच्या 'नभमित्र' ॲपमधून छोटे मेसेज दोन्ही बाजूंनी जातात-येतात. हवामानाचा इशारा मराठीत वाचता येतो. यावर व्हिडिओ दिसत नाही, घरच्यांशी गप्पा होत नाहीत. हे कसलं इंटरनेट, असं कुणी म्हणेल. मला विचाराल तर बोटीवरची पहिली गरज हीच आहे : चार शब्द जावेत आणि ते पोचल्याचं कळावं. वेग नंतर.

मग उपग्रह फोन का घेऊ नये? कारण तो आपल्याकडे तसा कुणालाही ठेवता येत नाही. 26/11 चे हल्लेखोर 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून मुंबईत शिरले होते, त्यांच्याजवळ उपग्रह फोन होता. त्यानंतर समुद्रावरचे निर्बंध कडक झाले. थुराया आणि इरिडियमच्या फोनवर भारतात बंदी आहे. दूरसंचार खात्याची परवानगी काढून बीएसएनएलमार्फत मिळणारा इनमारसॅटचा फोन तेवढा कायदेशीर. परदेशातून कुणी भेट म्हणून थुराया आणला तर पोलीस ठाण्याची वारी ठरलेली.

जहाजांवर थेट ब्रॉडबँड घेण्याची वाट डिसेंबर 2018 च्या नियमांनी मोकळी केली आणि पुढच्याच वर्षी नवी मुंबईतल्या महापे इथल्या नेल्को कंपनीने ती सेवा सुरू केली. ती भूस्थिर उपग्रहांवरून चालते. हे उपग्रह जवळपास 36,000 किलोमीटर उंचीवर असतात, म्हणून प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो. मेसेजला काही फरक पडत नाही, बोलताना मात्र दोघं एकमेकांचं तोंड धरतात. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवर फिरतात, तिथे हा अडथळा उरत नाही. स्टारलिंकला भारतात 2025 च्या जूनमध्ये परवाना मिळाला, आणि नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने तिच्याशी इरादापत्रावर सह्या केल्या. त्यात दुर्गम भाग म्हणून गडचिरोली, धाराशिव, वाशीम आणि नंदुरबार ही नावं आहेत. नंदुरबारचं नाव वाचून मला ते तरंगते दवाखाने आठवले. घळीतही डोक्यावर थोडं आभाळ मोकळं असतंच. स्टारलिंकची तबकडी बोटीवर बसली तर डॉक्टरला वरच्या रुग्णालयाशी बोलता येईल. ती दिवसाला राउटरच्या कितीतरी पट वीज खाते, तेव्हा टपावर सौरपट्ट्या आधी लावाव्या लागतील.

राहिली मर्चंट नेव्हीत गेलेली पोरं. त्यांचा फोन लागेना म्हणून इकडे घरात जेवण गोड लागत नाही. जहाज खोल समुद्रात असताना भारतीय सिमचा काही उपयोग नसतो, हे आई-बापांनी आधी समजून घ्यावं. तिथे नेट असतं ते जहाजाच्या तबकडीचं आणि बहुधा मोजून मिळणारं. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारातली दुरुस्ती 23 डिसेंबर 2024 पासून लागू झाली आहे. शक्य असेल तिथे जहाजमालकाने खलाशांना इंटरनेट द्यावं आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यावेत, असं ती सांगते. भारत त्या करारात 2015 पासून आहे. महिन्याला किती डाटा, तो कोणत्या दराने आणि व्हॉट्सॲप कॉलला मुभा आहे का, हे पोराने कंपनीकडून लेखी मागून घ्यावं, आणि तेही करारावर सही करण्याआधी.