तारीख लांबची असली, तरी व्यायाम आजपासून

हाताचे प्लास्टर निघते, डॉक्टर केसपेपरवर ‘फिजिओथेरपी’ असे लिहून देतात आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. विभागात गेल्यावर तीन आठवड्यांनंतरची, कधी दीड महिन्यानंतरची तारीख मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर एसटीचे भाडे, सोबत एक माणूस आणि त्या दोघांचाही बुडणारा रोज. ती एक तारीख गाठणेच इतके जड असते, की तोपर्यंत काय करायचे हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. ‘तारीख येईपर्यंत हात जपून ठेवायचा’ एवढाच अर्थ बहुतेक घरांत घेतला जातो. या वेळी आम्ही या मधल्या काळाविषयी बोलणार आहोत. हा काळ वाया जाऊ नये म्हणून साध्या मोबाइलवरच्या व्हिडिओ कॉलचा कसा उपयोग होतो, ते वाचकांनी नीट समजून घ्यावे.

थांबण्याची किंमत

न वापरलेला सांधा आखडतो आणि न वापरलेला स्नायू बारीक होतो. मोडलेले हाड प्लास्टरमध्ये जुळते, पण त्याच काळात आजूबाजूचे सांधे ताठ होतात. प्लास्टर निघाल्यावर हालचाल लवकर सुरू झाली तर हात मोकळा होतो. महिनाभर तो गळ्यात अडकवून ठेवला तर बोटांची मूठही नीट वळत नाही. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून त्यांनी अधिक सावध राहावे.

अर्धांगवायूच्या रुग्णाच्या बाबतीत तर दिवस मोजूनच वापरावे लागतात. सुधारणा पुढेही होत राहते, पण तिचा सर्वाधिक वेग पहिल्या तीन महिन्यांत असतो. त्यातला एक महिना तारखेची वाट पाहण्यात गेला, तर तो तसाच परत मिळत नाही.

आपल्या कष्टकरी माणसाचे पोट शरीरावर चालते. झाडू मारणारा, हमाली करणारा, बांधकामावर पाट्या वाहणारी बाई, दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसणारी मुलगी यांच्यासाठी न उचलला जाणारा खांदा म्हणजे हातचे काम गेले. त्यामुळे रांगेतला हा काळ कोणाच्या तरी देखरेखीखाली जायला हवा.

व्हिडिओवर नेमके काय होते?

‘हात न लावता कसली फिजिओथेरपी?’ अशी शंका अनेकांना येते आणि ती रास्त आहे. पण फिजिओथेरपिस्टचे बरेचसे काम डोळ्यांनी पाहण्याचे आणि नेमके प्रश्न विचारण्याचे असते. हात डोक्यावर कुठपर्यंत जातो, पाठीमागे कुठपर्यंत पोचतो, चालताना वजन कोणत्या पायावर येते, ३० सेकंदांत खुर्चीवरून हाताचा आधार न घेता किती वेळा उठता येते, हे सारे पडद्यावर दिसते. मागच्या वेळी आठ वेळा उठता येत होते, आज अकरा वेळा, अशी नोंद ठेवता येते.

शिवाय व्हिडिओमुळे घर दिसते, जे दवाखान्यात कधीच दिसत नाही. पलंग किती उंच आहे, शौचालयाची पायरी कशी आहे, मोरी ओली असते का, रुग्ण जमिनीवर बसतो की खुर्चीवर, हे पाहून दिलेला सल्ला त्या घरात पाळता येतो.

यात दोन फायदे आहेत. पहिला म्हणजे व्यायाम चुकत असेल तर दहा मिनिटांत दुरुस्त होतो. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. ज्याचा त्रास वाढतो आहे तो रुग्ण वेळीच लक्षात येतो आणि त्याला रांगेत पुढे घेता येते. एरवी कागदावर सगळ्यांच्या तारखा सारख्याच दिसतात.

हे नुसते अंदाजाचे बोलणे नाही. ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या जुन्या दुखण्याच्या ३९४ रुग्णांवर झालेला अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना फिजिओथेरपिस्टने समोर बसवून तपासले, काहींना फक्त व्हिडिओवर. वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत व्हिडिओवरचे रुग्ण मागे पडले नाहीत. अर्थात, हे गुडघ्याच्या दुखण्यापुरते झाले. सगळ्याच आजारांना तोच निष्कर्ष लावता येणार नाही.

व्हिडिओ कुठे चालत नाही?

सांध्याला हात लावून सोडवावे लागते, मशीनचे उपचार लागतात, तोल इतका जातो की धरायला शिकलेला माणूस हवा, अशा वेळी प्रत्यक्ष जाण्याला पर्याय नाही. व्हिडिओवर पाहिले म्हणून मिळालेली तारीख सोडू नये. व्हिडिओ दोन भेटींमधला पूल आहे.

खालील लक्षणे दिसल्यास कॉलची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे:

- कंबरदुखीसोबत लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होत जाणे.
- एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि दुखणे. किंवा अचानक धाप लागणे, छातीत दुखणे.
- तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे. अशा वेळी लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा.
- प्लास्टरमधली बोटे निळी पडणे, थंड किंवा बधिर होणे.
- ऑपरेशनच्या जखमेतून पू येणे, ताप येणे.

कॉलची तयारी

आधीच्या दिवशी केसपेपर, एक्स-रे आणि चालू गोळ्या एका पिशवीत ठेवाव्यात. मोबाइल हातात न धरता स्टुलावर डब्याला टेकवून कमरेच्या उंचीवर ठेवावा आणि रुग्णाने पाच-सहा फूट मागे राहावे, म्हणजे पूर्ण शरीर दिसते. खिडकी पाठीमागे नको, समोर असावी. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. प्लास्टिकची हलकी खुर्ची सरकते आणि माणूस पडतो. चालून दाखवायचे असेल तर घरातल्या कोणीतरी फोन धरावा, फरशी कोरडी असावी. कपडे सैल असावेत. स्त्री रुग्णांनी सोबत घरातली बाई बसवावी. ‘रेकॉर्डिंग करता आहात का, कशासाठी?’ हे मोकळेपणाने विचारावे. नको असेल तर नाही म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे.

कॉल संपण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून घ्यावीत: कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा, किती दुखले तर थांबायचे, आणि त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा. नेटवर्क तुटले तर साधा फोन कोणत्या नंबरवर येईल, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे.

व्यायामानंतर थोडे दुखणे स्वाभाविक आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणे वाढलेलेच असेल, तर व्यायाम कमी करून कळवावे. शेजाऱ्याला सांगितलेला व्यायाम आपण करू नये. मोबाइलवर दिसणाऱ्या कोणत्याही व्हिडिओतला व्यायामही परस्पर सुरू करू नये. अर्धांगवायूच्या रुग्णाला लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, त्याने खांदा निसटतो. बसलेला असताना तो हात उशीवर ठेवावा, लोंबकळू देऊ नये.

सल्ला देणारी व्यक्ती शिकलेली आहे का, हेही पाहावे. फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी परिषद आपल्या राज्यात आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. मालिश करणारा प्रत्येकजण फिजिओथेरपिस्ट नसतो.

मागायचे कसे?

दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याविषयी केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेतून त्याच वर्षी एप्रिलपासून घरबसल्या डॉक्टरांचा मोफत सल्ला मिळू लागला. उपकेंद्रात बसूनही तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या मदतीने मोठ्या ठिकाणच्या डॉक्टरांशी बोलता येते. म्हणजे तंत्र आहे, वाटही पडली आहे. फिजिओथेरपीच्या रांगेतल्या रुग्णांसाठी ती वापरण्याची सवय लागायला हवी.

त्यासाठी तारीख घेतानाच विचारावे: “तोपर्यंत घरी काय करू? मध्ये एकदा व्हिडिओवर पाहाल का?” विभागाने हो म्हटले तर वार आणि वेळ केसपेपरवर लिहून घ्यावी. नाही म्हटले तर निदान लेखी व्यायाम तरी मागावेत. दहा-वीस रुग्णांची हीच अडचण असेल, तर रुग्ण कल्याण समितीकडे एकत्र अर्ज द्यावा: आठवड्यातला एक ठरलेला तास रांगेतल्या रुग्णांच्या व्हिडिओ तपासणीसाठी ठेवावा. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे संविधानाचा अनुच्छेद ४७ सांगतो. तेव्हा ही मागणी करताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

मात्र व्हिडिओच्या सोयीत एक धोका आहे. ज्याच्याकडे चांगला फोन आहे तोच पुढे जाईल आणि ज्याच्याकडे नाही तो आणखी मागे पडेल. एकटी राहणारी म्हातारी, साधा फोन वापरणारा मजूर, फोन नवऱ्याच्या खिशात असलेली बाई हे लोक सुटता कामा नयेत. इथे वस्तीतल्या तरुणांना काम आहे. विहाराच्या सभागृहात किंवा अभ्यासिकेत एक कोपरा, पडदा, भक्कम खुर्ची आणि नेट चालणारा फोन एवढी सोय आठवड्यातून एक दिवस सहज करता येते. शिकलेल्या मुलामुलींनी फोन लावून द्यावा, सांगितलेले वहीत मोठ्या अक्षरात लिहून द्यावे आणि तपासणी चालू असताना पडद्याबाहेर थांबावे. रुग्णाचे दुखणे वस्तीत चर्चेला जाणार नाही, ही जबाबदारीही त्यांचीच.

आपल्या ओळखीत कोणी फिजिओथेरपीच्या तारखेची वाट पाहत असेल, तर या आठवड्यात त्यांच्या घरी एक फेरी मारा. केसपेपर पाहा, तोपर्यंतचे व्यायाम कोणी सांगितले आहेत का ते विचारा. सांगितले नसतील, तर त्यांच्या वतीने विभागाला फोन लावा.