परतीच्या प्रवासाची लस

शिरूरच्या एका शाळेत विज्ञानशिक्षकांशी गप्पा चालल्या होत्या. एका बाईंचा भाचा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. यंत्रे बसवण्यासाठी त्याला तीन महिने केनियात, नैरोबीला जायचे होते. कचेरीतून सांगितले गेले, 'उष्ण कटिबंधातल्या देशात जाताय, लशी टोचून घ्या.' बाईंनी विचारले, "आपण काय थंड हवेत राहतो? मग आपल्याला लस कशाला?"

प्रश्न चोख आहे. नकाशा पाहा. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, तर शिरूर आणि दौंड दोन्ही १९ अंशांच्याही खाली. म्हणजे उष्ण कटिबंधात आपण राहतोच. युरोपातला पाहुणा शिरूरला यायचा असेल तर त्याचा डॉक्टर त्याला विषमज्वराची आणि हिपॅटायटिस ए या काविळीची लस घ्यायला सांगतो. ही कावीळ आपल्याकडे पूर्वी बहुतेकांना लहानपणीच, बऱ्याचदा नकळत, होऊन जाई आणि जन्माची प्रतिकारशक्ती देऊन जाई. आता स्वच्छ पाण्यावर वाढलेली मुले तिच्याशिवाय मोठी होतात, आणि मोठेपणी झाली तर ती जड जाते. तेव्हा या दोन लशी आणि धनुर्वाताची मात्रा यांबद्दल भाच्याने डॉक्टरांना जरूर विचारावे. हिवतापासाठी प्रवाशांना गोळ्या देतात. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या ऋतूत जाणाऱ्यांनी मेनिंजायटिसची लसही घ्यावी.

या सगळ्या लशी प्रवाशाच्या स्वतःच्या भल्यासाठी. पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची लस मात्र निराळी. युगांडा, घाना असे देश आत येतानाच तिचे प्रमाणपत्र मागतात. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया ते सहसा मागत नाही. परत येताना मागते ते आपलेच सरकार!

असे का? हा रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास आहे. ईडिस इजिप्ती, डेंग्यू पसरवतो तोच. शिरूर-दौंडचा भाग पर्जन्यछायेतला. पाणी साठवल्याशिवाय भागत नाही, म्हणून घरोघरी पिंपे आणि टाक्या. ईडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीवर अंडी चिकटवते. ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, घासावे लागते ते यासाठी.

आता हिशोब करू. विषाणूबाधित डास चावल्यावर ३ ते ६ दिवसांनी ताप येतो. ताप येण्याच्या किंचित आधीपासून पुढे तीन-चार दिवस रोग्याच्या रक्तात विषाणू असतात. त्या काळात त्याला चावलेल्या डासाच्या शरीरात विषाणू एक-दोन आठवडे वाढतात आणि मग तो डास मरेपर्यंत रोग वाटत फिरतो. समजा, नैरोबीहून निघताना डास चावला आणि दुसऱ्या दिवशी भाचा धडधाकट शिरूरला पोहोचला. ताप येईल तो घरात, पिंपाशेजारी. म्हणून प्रमाणपत्र नसेल तर प्रवाशाला, बाधित देश सोडल्यापासून सहा दिवस पुरे होईपर्यंत, विलग ठेवतात. बरेच रोगी बरे होतात. पण ज्यांना कावीळ आणि रक्तस्राव होतो त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मे दगावतात. विषाणूवर औषध नाही.

ही भीती कागदी नाही. डिसेंबर २०१५ मध्ये अंगोलाची राजधानी लुआंडा येथे साथ सुरू झाली. २०१६ मध्ये तिथून परतलेल्या ११ जणांनी हा रोग चीनमध्ये नेला. आशियात पीतज्वराचे रुग्ण नोंदले जाण्याची ती पहिली वेळ. साथ पसरली नाही. आशिया आजवर का वाचला, याचे पक्के उत्तर नाही. डेंग्यूमुळे आलेली प्रतिपिंडे थोडी आड येत असतील, किंवा इथले डास हा विषाणू तितका चांगला वाहत नसतील. अशा अनुमानांवर विसंबून दार उघडे ठेवणे मला तरी पटत नाही.

लस जुनीच आहे. १९२७ मध्ये आजच्या घानातील असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून विषाणू मिळाला. मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोगशाळेत, मुख्यतः कोंबडीच्या गर्भाच्या ऊतींत, पुन्हापुन्हा वाढवला. होता होता त्याची रोग करण्याची ताकद गेली, प्रतिकार जागवण्याची राहिली. १९३७ची ही १७डी लस. थायलरना १९५१ मध्ये नोबेल मिळाले. विषाणू जिवंत असल्याने नऊ महिन्यांखालील बाळे, प्रतिकारशक्ती क्षीण असलेले आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले यांना ती देत नाहीत. गरोदर स्त्रिया आणि साठीपुढचे यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला दहा दिवस लागतात, म्हणून प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. जुलै २०१६ पासून ते जन्मभर चालते. दहा वर्षांची मुदत छापलेले जुनेसुद्धा. लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. एका कुपीत अनेकांच्या मात्रा असतात आणि फोडलेली कुपी सहा तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रे ठराविक दिवशीच लोकांना बोलावतात.

भाच्याचे तिकीट बारा दिवसांवर होते, केंद्रातली पाळी चार दिवसांनी. बाईंनी फळ्यावर आकडे मांडले. "परत येईल तेव्हा प्रमाणपत्र केव्हाच लागू झालेले असेल," त्या म्हणाल्या. मग थांबून, "पण तिथले पहिले दोन दिवस?"

"तिकीट दोन दिवस पुढे ढकलता येते का ते विचारा," मी म्हटले. "नाहीच जमले तर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डासांचे मलम. आणि हे दिवसासुद्धा. ईडिस दिवसा चावतो."