माहूरचा घाट, अडकणारा दुसरा गिअर आणि ‘नव्वद नंबर’चा घोळ

नवरात्र जवळ आलं की नांदेड, लातूर, परभणी, यवतमाळ अशा चहूबाजूंनी गाड्या माहूरकडे वळायला लागतात. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक म्हणजे इथली रेणुकामाता. दत्तजयंतीला पुन्हा दत्तशिखराची गर्दी. निघायच्या आधी गाडी गॅरेजला दाखवून आणायची पद्धत घरोघरी असतेच. इंजिन ऑइल बघा, ब्रेक बघा, टायरात हवा मारा, झालं.

गिअरबॉक्सचं ऑइल मात्र कुणाला आठवत नाही. आठवलंच तर कोपऱ्यातल्या ड्रममधून ‘नव्वद नंबर’ काढून ओतलं जातं. तेच ट्रॅक्टरला, तेच काळी-पिवळी जीपला आणि तेच हौसेनं घेतलेल्या नव्या टर्बो हॅचबॅकला. गडबड इथंच होते.

गावातून गडाकडे आणि पुढे दत्तशिखराकडे जाणारा रस्ता चढाचा आणि वळणांचा आहे. चढताना गिअर पडला नाही तर गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, थोडी फजिती होते. खरी भीती उतरताना असते. घाट उतरताना तिसऱ्यावरून दुसऱ्यात यायचं आणि इंजिनाच्या ओढीनं वेग आवरायचा, हे ड्रायव्हिंग शिकवणारा प्रत्येक जण सांगतो. पण दुसरा गिअर ‘खर्रर्र’ करून परत येत असेल तर माणूस वैतागून तिसऱ्यातच राहतो, नाहीतर सरळ न्यूट्रलवर टाकतो. मग सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की पकड कमी होते. गाडीत आईवडील, पोरं बसलेली असताना हा खेळ परवडणारा नाही.

आता यात ऑइलचा संबंध काय?

धावती एसटी आठवा. स्टँडवरून बस सुटलेली असते, उशिरा आलेला गडी तिच्या बरोबरीनं पळतो, वेग जुळला की दांडा पकडतो आणि आत. वेग जुळायच्या आधी दांडा पकडला तर खांदा निखळायची वेळ. गिअरबॉक्समध्ये हे पळायचं काम सिंक्रो रिंग करते. तुम्ही लिव्हर ढकलता तेव्हा ही रिंग आधी गिअरच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणानं दोघांचा वेग एक करते आणि मगच दात एकमेकांत बसतात. अनेक गाड्यांत ही रिंग पितळेची असते. काहींत तिच्यावर मॉलिब्डेनमचा किंवा कार्बनचा थर असतो.

म्हणजे एकाच डब्यातल्या ऑइलकडून दोन उलट्या अपेक्षा आहेत. दातांना हवा निसरडेपणा, म्हणजे झीज होणार नाही. रिंगला हवी पकड, म्हणजे वेग जुळेल. ऑइल नको तितकं निसरडं झालं तर एसटीमागे पळणाऱ्याच्या पायाखाली चिखल आल्यासारखं होतं. पळतोय जोरात, पण वेग काही जुळत नाही.

जीएल-४ की जीएल-५?

डब्यावर ‘जीएल’ आणि पुढे आकडा असतो. हे वर्गीकरण अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं. मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी साधारण जीएल-४ वापरतात. जीएल-५ मुळात आखलं गेलं ते हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियनसाठी. तिथं दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसटतात. तो दाब झेलायला ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घालतात. डब्यावरचं ‘ईपी’ म्हणजे हेच, एक्स्ट्रीम प्रेशर. जीएल-५ मध्ये ही रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात.

पाच चारपेक्षा मोठा, म्हणून ऑइलही भारी, असा हिशेब दुकानात सर्रास लावला जातो. तो चुकीचा आहे. हे आकडे इयत्तांचे नाहीत, कामाचे आहेत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीऐवजी दुप्पट पॉवरची दुसऱ्याच आजाराची गोळी घेण्यासारखं ते होतं.

जुन्या काळच्या जीएल-५ मधला गंधक तापल्यावर तांब्याच्या मिश्रधातूंना खायचा, पितळ काळं पडायचं. आजच्या चांगल्या ऑइलमध्ये हा त्रास बराच कमी झालाय, त्यामुळे ‘जीएल-५ टाकलं की सिंक्रो विरघळतो’ ही गोष्ट आता जरा तिखटमीठ लावून सांगितली जाते. पण दोन अडचणी उरतातच. एक म्हणजे ही रसायनं धातूवर जो थर धरतात तो घासला जाताना मऊ पितळाचा कण सोबत नेऊ शकतो. आणि दुसरी, घर्षणाचं गणित बदलतं. रिंगला जितकी पकड धरून डिझाइन केलं होतं तितकी मिळत नाही. पहिल्या आठवड्यात काहीच कळत नाही. काही हजार किलोमीटरनंतर दुसरा गिअर कुरकुरायला लागतो आणि तोवर ऑइल कोणतं टाकलं होतं हे कुणाच्या लक्षातही नसतं.

उलटी चूक तर जास्त लवकर महागात पडते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स वेगळा आणि मागचं डिफरन्शियल वेगळं, दोघांचं ऑइलही वेगळं. जीएल-५ मागणाऱ्या हायपॉइड डिफरन्शियलमध्ये जीएल-४ टाकलं तर क्राऊन-पिनियनच्या दातांवर ओरखडे पडू शकतात. जीपवाल्यांनी ‘दोन्हीकडे एकच ओत’ म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये, डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं. पण त्याचे गिअर हायपॉइड नसतात, साधे तिरप्या दातांचे असतात. त्यामुळे तिथं जीएल-५ चा हट्ट धरायचं कारणच नसतं.

तरी सरसकट नियम नाही. काही कंपन्या स्वतःच्या गिअरबॉक्सला जीएल-५ सांगतात, काही ‘जीएल-४/५’ सांगतात, तर होंडासारखी कंपनी स्वतःचं वेगळं एमटीएफ वापरायला सांगते. महाराष्ट्राच्या दिलीप छाब्रियांची अवंती आठवत असेल. २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली, सीटच्या मागे रेनोचं २ लिटरचं टर्बो इंजिन आणि ६ गिअरचा मॅन्युअल. अशा गाडीला ‘स्पोर्ट्स कारचं महागडं ऑइल’ शोधण्यात अर्थ नसतो. तो गिअरबॉक्स कुणी बनवला आणि बनवणाऱ्यानं काय सांगितलंय, हे शोधावं लागतं.

मग ७५डब्ल्यू-९० म्हणजे काय?

हा जाडीचा आकडा. जीएलशी त्याचा संबंध नाही. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. ७५डब्ल्यू उणे ४० अंशांना आणि ८०डब्ल्यू उणे २६ अंशांना ठरलेल्या मर्यादेपेक्षा घट्ट होता कामा नये. माहूरला उणे तापमान कुठून येणार, असं वाटेल. बरोबरच आहे. पण ७५डब्ल्यू ऑइल डिसेंबरच्या पहाटेही जास्त मोकळं वाहतं. सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर जड पडतो आणि नंतर सुतासारखा सरळ होतो, त्यामागे बऱ्याचदा ही जाडीच असते.

नंतरचा आकडा १०० अंशांवरची जाडी सांगतो. ८० म्हणजे ८.५ ते ११ सेंटिस्टोक, ९० म्हणजे १३.५ ते १८.५. आणि गंमत अशी की ९० नंबरचं गिअर ऑइल इंजिनाच्या ४० किंवा ५० नंबरच्या ऑइलइतकंच जाड असतं. दोघांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत, त्यामुळे नव्वद ऐकून दुप्पट जाड समजायचं नाही.

मराठवाड्यातलं ऊन बघून ‘आपल्याकडे जाडच बरं’ असा सल्ला हमखास मिळतो. जिथं कंपनीनं ७५डब्ल्यू-८० सांगितलंय तिथं हा सल्ला नडतो. सिंक्रो रिंगवर बारीक खाचा असतात, त्या ऑइलचा पापुद्रा कापून शंकूवर पकड घेतात. ऑइल फार जाड असेल तर पापुद्रा कापायला वेळ लागतो, गिअर अडतो. फार पातळ असेल तर दातांमधला थर टिकत नाही, आवाज वाढतो.

स्पोर्टी गाडीत हे सगळं जास्त जाणवतं, कारण ती चालवणारा गिअर उशिरा आणि झटक्यात बदलतो. ३,००० ऐवजी ६,००० आरपीएमवर गिअर बदलला तर जुळवायचा वेगातला फरक दुप्पट होतो, पण रिंगवर पडणारी उष्णता चौपट. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते. घाटात मजा म्हणून गिअर हाणणाऱ्यांसाठी चांगलं सिंथेटिक जीएल-४ हा खर्च वायफळ नाही. ते तापल्यावर पातळ व्हायला जास्त वेळ टिकून राहतं. जाडी आणि जीएल मात्र मॅन्युअलमध्ये आहे तेच.

ऑइलला दोष देण्याआधी एक तपासणी घरच्या घरी करता येते. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सगळे सहज पडतात आणि चालू केल्यावर सगळेच अडतात, तर संशय क्लचवर. एकच गिअर, बहुतेकदा दुसरा, चालत्या गाडीत खरखरतो, तर सिंक्रो किंवा ऑइल. रिव्हर्स खरखरला म्हणून घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोच नसतो. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून क्षणभर थांबून टाकायचा.

चुकून जीएल-५ पडलं असेल तर गिअरबॉक्स लगेच खराब होत नाही. काढून योग्य ऑइल भरलं की बहुतेक वेळा काम भागतं. बदलताना गॅरेजमध्ये उभं राहून एवढं बघा, की खालचा ड्रेन बोल्ट उघडण्याआधी वरचा, भरायचा बोल्ट सैल होतोय ना. तो गंजून अडकला असेल आणि जुनं ऑइल आधीच सांडून दिलं, तर गाडी जागेवरच राहिली. गाडी सपाट जागेवर हवी. बहुतेक गिअरबॉक्समध्ये भरायच्या भोकाच्या काठापर्यंत ऑइल आलं की पुरे. जास्त कोंबलं तर फेस होतो, सील गळतात. वॉशर नवा घालायला सांगा, आणि डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. ड्रममधल्या ऑइलवर जीएल कितीचं आहे हे कुणीच सांगू शकत नाही.

निघालेलं जुनं ऑइल एका पांढऱ्या डब्यात घेऊन उन्हात धरा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा लगदा असेल तर ती रोजची झीज, पुसून टाका. लोखंडाचे कपचे दिसले तर दात तुटलाय, गिअरबॉक्स उघडावाच लागेल. आणि ऑइलमध्ये सोनेरी चकाकी तरंगत असेल, तर ते सिंक्रोचं पितळ. मग माहूरला निघण्याआधी दुसऱ्या गिअरचं काय करायचं हे मेकॅनिकला तिथंच विचारा, किंवा यंदा एसटीनं जा.