बेकिंग सोड्याची टूथपेस्ट खरंच तोंडातले बॅक्टेरिया मारते का?

"खायचा सोडा लावा, दात पांढरेशुभ्र आणि किडीची सुट्टी" असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. यात खरं किती? चला, थोडक्यात समजून घेऊया.

आधी बघू, दात किडतो कसा?

दातांवर जमणाऱ्या चिकट थराला प्लाक म्हणतात. त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स नावाचे बॅक्टेरिया असतात. आपण चहा-बिस्कीट किंवा कोल्ड्रिंक घेतलं की ते त्यातली साखर खातात आणि ॲसिड सोडतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, विरघळायला लागतं.

सोडा नेमकं काय करतो?

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. पाण्यात विरघळला की पीएच ८ च्या थोडा वर जातो, म्हणजे तो ॲसिड मारतो. आपल्या लाळेतही बायकार्बोनेट असतं आणि तेही हेच काम करतं. किडीचे बॅक्टेरिया ॲसिडमध्ये तग धरण्यात तरबेज असतात. ॲसिड कमी झालं की त्यांचा हा फायदा जातो.

शिवाय सोड्याचे कण मऊ असतात. टूथपेस्ट दात किती खरवडते, हे आरडीए या आकड्याने मोजतात. त्याची वरची मर्यादा २५० आहे, शुद्ध सोड्याचा आकडा फक्त ७.

मग बॅक्टेरिया मरतात की नाही?

लॅबमध्ये सोडा जास्त आणि वेळ भरपूर दिला तर मरतात. तोंडात मात्र पेस्ट जेमतेम दोन मिनिटं राहते, तीही लाळेत पातळ होते. त्यामुळे एका क्लिकवर सगळं साफ करणारा अँटिव्हायरस समजू नका. अमेरिकेत १९७० च्या दशकात डॉ. पॉल कीज यांची सोडा, मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत हिरड्यांच्या आजारासाठी खूप गाजली. नंतरच्या चाचण्यांत मात्र ती नीट केलेल्या साध्या ब्रशिंगपेक्षा सरस ठरली नाही.

हे लक्षात ठेवा

- नुसता सोडा नको: त्यात फ्लोराइड नसतं, आणि किडीपासून खरं संरक्षण फ्लोराइडच देतं. सोड्याची पेस्ट घ्यायची तर पाकिटावर १००० पीपीएमच्या आसपास फ्लोराइड आहे का ते बघा.
- सोडा + लिंबू तर अजिबात नको: फेस येतो तो फक्त कार्बन डायऑक्साइडचा. सोडा लिंबाचं ॲसिड मारण्यातच संपतो आणि लिंबू जास्त पडलं तर उरलेलं ॲसिड थेट इनॅमलवर.
- डबा नीट वाचा: धुण्याचा सोडा वेगळा असतो, त्याने तोंड भाजू शकतं. बेकिंग पावडरही वेगळी.

एकदा गेलेलं इनॅमल परत उगवत नाही, त्याला बॅकअप नाही. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा दात ठणकत असेल, तर रील बाजूला ठेवा आणि डेंटिस्टकडे जा. आणि हो, घरच्या ग्रुपवर तो लिंबू-सोड्याचा व्हिडिओ फिरत असेल, तर त्याखाली हा लेख नक्की टाका!