टांग लावताना हातांचे काम

टांग हा उभ्या कुस्तीतला डाव आहे. प्रतिस्पर्ध्याला पुढे ओढायचे, कंबर वळवून त्याच्या पुढ्यात शिरायचे आणि पायाने त्याचा आधार उडवून त्याला पाठीवर टाकायचे. पाय मांड्यांच्या मधून गेला तर आतली टांग, बाहेरून आडवा गेला तर बाहेरची.

नावात पाय असला तरी डाव हातांवर उभा असतो. ताठ उभ्या गड्याच्या दोन्ही टाचा जमिनीला धरून असतात. त्याला नुसत्या पायाने हलवणे जवळजवळ अशक्य. म्हणून खडाखडीतच, म्हणजे सुरुवातीच्या हातांच्या झटापटीतच, काम सुरू होते. मानेवर हात टाकून ती खाली दाबली की समोरचा वर उसळतो. त्या उसळीतच दंड धरून त्याला पुढे खेचले की त्याचे वजन चवड्यांवर येते. टांग तेव्हाच लागते. हा क्षण डोळ्यांना फारसा दिसत नाही, तो हाताला कळतो. त्यामुळे तालमीत पाय न उचलता फक्त जोडीदाराला पुढे आणण्याचा सराव भरपूर करावा. त्यानंतर कंबरेचे वळण आणि सर्वांत शेवटी पाय. नवशिके उलट्या क्रमाने जातात आणि एका पायावर लटकतात.

अर्धवट टांग महागात पडते. वळताना पाठ समोरच्याकडे जाते. त्याने बूड खाली टाकून मागून कंबर कवळली की डाव त्याचा. वळताना मध्ये फट राहू नये, धरलेला दंड शेवटपर्यंत सुटू नये.

माती आणि गादी यांचा फरक इथे जाणवतो. खणून भुसभुशीत केलेल्या मातीत पाऊल रुतते, वळण मंदावते. गादीवर बूट पकड देतात. डिसेंबर 2018 मध्ये जालन्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा दोन्ही आखाडे जिल्ह्याला एकाच ठिकाणी पाहायला मिळाले. अंतिम लढतीत माती विभागातून आलेल्या बाला रफिक शेखने गादीवरच्या अभिजित कटकेला हरवले. गादीवर टांगेने नुसता ताबा मिळवला तर 2 गुण, प्रतिस्पर्धी थेट पाठीच्या बाजूने धोक्यात पडला तर 4. गावच्या यात्रेतल्या दंगलीत मात्र गुण मोजायची रीत नाही, चितपट झाली तरच कुस्ती निकाली. तिथे टांगेनंतर छातीने छाती दाबून समोरच्याचे दोन्ही खांदे मातीला लावेपर्यंत पैलवानाने पकड सैल करू नये.