साथ आणि शाळा (लेखांक ६) : पंचवीस मुलं, एक खोली

मागच्या लेखांकात आपण महाराष्ट्रातला घोळ पाहिला. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायचं राज्य सरकारनं ठरवलं, पण शेवटचा शब्द स्थानिक प्रशासनावर सोडला. मग मुंबई-पुण्यात कुलूप आणि लांबच्या एखाद्या तालुक्यात घंटा, असं चित्र दिसलं. तामिळनाडूनं नेमका उलटा रस्ता धरला. तिथं सगळ्या जिल्ह्यांसाठी एकच निर्णय, एकच तारीख, एकच नियमावली. त्या एकाच नियमावलीचं पुढे काय झालं, हे पाहायचं तर तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशम तालुक्यात जायला हवं.

तंजावरहून कुंभकोणमकडे निघालं की वाटेत पापनाशम लागतं. कर्नाटक संगीत ऐकणाऱ्यांना हे नाव पापनाशम शिवन यांच्यामुळे ठाऊक असतं. गावालगत तिरुप्पालैत्तुरैच्या देवळात नायक राजांच्या काळातलं विटांचं प्रचंड गोल धान्याचं कोठार अजून उभं आहे. सगळा मुलूख कावेरीच्या खोऱ्यातला, भाताचा. मोठ्या शाळा मोजक्या गावांत आणि मुलं मात्र आजूबाजूच्या खेड्यांतून बसनं, सायकलनं, पायी येणारी. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. नियमावली लिहिणाऱ्यांच्या ती पुरेशी लक्षात नव्हती, असं माझं मत आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. जूनमध्ये दहावीची परीक्षाच रद्द करून सगळ्यांना पास करण्यात आलं. शिकवणं ‘कल्वी’ या सरकारी दूरचित्रवाहिनीवर गेलं आणि ज्यांच्या घरी फोन होता त्यांच्या फोनवर. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं ५ ऑक्टोबर २०२० रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: दोन मुलांत सहा फूट अंतर, पालकांची लेखी संमती, हजेरीची सक्ती नाही. तामिळनाडूनं आधी १६ नोव्हेंबरचा मुहूर्त धरला. ९ नोव्हेंबरला शाळाशाळांतून पालकांना बोलावून मत विचारलं. मतं फाटली आणि तीनच दिवसांत सरकारनं बेत गुंडाळला. जानेवारीत ६ ते ८ तारखांना पुन्हा पालकसभा झाल्या. या खेपेस बहुसंख्य पालक ‘हो’ म्हणाले. पोंगल उरकला आणि १९ जानेवारी २०२१ रोजी दहावी-बारावीचे वर्ग भरले. एका वर्गात पंचवीसच मुलं, दारात ताप मोजायचा, हात धुवायचे, वर जीवनसत्त्वाच्या आणि झिंकच्या गोळ्या.

आता पंचवीसचा हिशेब करून पाहू. वीस फूट लांब, वीस फूट रुंद अशी साधी शाळेची खोली घ्या. पहिलं मूल भिंतीला टेकवून बसवलं आणि पुढे सहा-सहा फुटांवर एकेक बसवत गेलं, तर एका ओळीत चार मावतात. अशा ओळी चार. म्हणजे झाली सोळा मुलं, आणि मास्तरांना फळ्यापाशी उभं राहायला जागा ठेवायची ती वेगळीच. पंचवीस बसवायची तर अंतर पाच फुटांवर आणावं लागतं आणि चारही भिंतींना मुलं चिकटवावी लागतात. दिल्लीचे सहा फूट आणि चेन्नईचे पंचवीस या दोन नियमांची सांगड अशा खोलीत बसतच नाही. मुख्याध्यापकानं कोणता मोडायचा ते त्याचं त्यानं ठरवायचं.

तरी जानेवारीत निभावलं. कारण सोपं आहे: बाकीच्या इयत्ता घरी होत्या, त्यांच्या खोल्या रिकाम्या होत्या. पन्नासची तुकडी दोन खोल्यांत विभागली की काम झालं. ८ फेब्रुवारीला नववी आणि अकरावीही आली. मुलं दुपटीच्या घरात गेली, खोल्या आणि शिक्षक तेवढेच राहिले. कागदावरचा पंचवीसचा आकडा मात्र जागचा हलला नाही. त्यात २५ फेब्रुवारीला मुख्यमंत्री पळनिस्वामींनी नववी, दहावी, अकरावीला परीक्षेविना पास जाहीर केलं. परीक्षाच नाही म्हटल्यावर वर्ग कशासाठी भरवायचे, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असणार. वर्ग चालू राहिले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पापनाशम तालुक्यातल्याच अम्मापेट्टैच्या एका अनुदानित मुलींच्या शाळेत एका विद्यार्थिनीचा अहवाल पॉझिटिव्ह आला. मग बाकीच्यांच्या तपासण्या झाल्या आणि काही दिवसांत आकडा पन्नाशीपार गेला. त्यानंतर जिल्ह्यातल्या एकामागून एक शाळांतून तशाच बातम्या येऊ लागल्या. आठवड्या-दीड आठवड्यात दहाएक शाळांची नावं वर्तमानपत्रांत आली. नियम न पाळणाऱ्या शाळांना जिल्हा प्रशासनानं दंड ठोठावले.

दंड ठीक आहे, पण शाळांनी नेमकं काय करायला हवं होतं? दारातला तापमापक फक्त ताप ओळखतो. लागण झालेल्या पुष्कळ मुलांना तापच येत नाही, त्यामुळे ती शांतपणे पुढे जातात. वर्गात बाकावर एकेकट्या बसवलेल्या मुली मधल्या सुट्टीत डबा उघडताना मास्क काढणार, आणि लोणचं काय एकटीनं खायचं असतं? सकाळी ज्या बसमधून त्या आल्या, त्या बसला पंचवीसचा नियम नव्हता. तामिळनाडूत विद्यार्थ्यांना बसपास फुकट असतो, ही फार चांगली सोय. पण शाळेच्या वेळेची बस एकच असली की ती दारापर्यंत भरते. वर्गात सहा तास राखलेलं अंतर अर्ध्या तासात तिथं फिटतं. घरी परत गेलं की दोन खोल्यांत सहा माणसं. नियमावली वर्गाच्या उंबऱ्याशी सुरू होत होती आणि तिथंच संपत होती. वाहतूक दुसऱ्या खात्याकडे, आरोग्य तिसऱ्या.

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला सरफोजीराजे आठवतात, म्हणून एवढं सांगून टाकतो: ओरत्तनाडूचं मुक्तांबा छत्र त्यांनी १८०२ मध्ये उभारलं. तिथं शिकणाऱ्या मुलांना जेवणही मिळे. राजांच्या छत्रांतून आजारी वाटसरूंसाठी वैद्यही असत. शिक्षण, अन्न आणि औषध यांचा कारभार एकाच आवारात. सव्वादोनशे वर्षांनंतर त्याच जिल्ह्यात या तिन्ही गोष्टी तीन फायलींत होत्या.

हवेचा मुद्दा तर मागेच पडला होता. हा विषाणू हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट शब्दांत लिहायला एप्रिल २०२१ ची अखेर उजाडली. तोवर सगळा भर फरशी पुसण्यावर आणि हात धुण्यावर. दोन समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडणं हा गोळ्यांपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाचा उपाय होता. खरं तर दाटीवाटीच्या, कोंदट शाळांचा धडा या जिल्ह्याला वेगळा द्यायला नको होता. १६ जुलै २००४ रोजी इथून जवळच कुंभकोणमच्या शाळेला आग लागली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर शाळांवरची गवताची छपरं उतरवली गेली. तिथल्या आईबापांकडून जबाबदारीच्या कागदावर सही मागताना हे कुणाला आठवलं असेल का, असं मला राहून राहून वाटतं. संमतीपत्र पालकाला हक्क देतं असं म्हणतात. पण मूल आजारी पडलं तर ‘तुम्हीच तर पाठवलंत’ असं म्हणायचीही सोय त्यातच असते.

२२ मार्च २०२१ पासून राज्यभर नववी, दहावी, अकरावीचे वर्ग बंद झाले. बारावी तेवढी चालू राहिली. गंमत पाहा, तीनच दिवस आधी, १९ मार्चला, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं मास्क सगळ्यांना असेल तर वर्गातलं अंतर सहा फुटांवरून तीन फुटांवर आणायला मुभा दिली. तिकडे वर्ग उघडण्यासाठी नियम सैल होत होते, इकडे सरसकट कुलूप लागत होतं. आणि विधानसभेच्या प्रचारसभा, ६ एप्रिलच्या मतदानापर्यंत, गर्दीनं भरत होत्या.

माझा आक्षेप बंद करण्याला नाही. दुसरी लाट दारात होती, बंद करावंच लागलं असतं. आक्षेप असा की उघडण्याची योजना पानंच्या पानं होती, बंद करण्याची एक ओळही धड नव्हती. किती रुग्ण आढळले तर एक तुकडी घरी पाठवायची, किती आढळले तर शाळा, कधी तालुका? हे आधी ठरलेलं असतं तर अम्मापेट्टैची शाळा दहा-पंधरा दिवस बंद राहिली असती आणि दूरच्या निलगिरीतल्या मुलांचा निर्णय निलगिरीतले आकडे पाहून झाला असता.

ती चूक पुढे सुधारली. मे महिन्यात सरकार बदललं. १ सप्टेंबर २०२१ रोजी नववी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले तेव्हा वर्गात वीसच मुलं, शिक्षक-कर्मचाऱ्यांचं लसीकरण, आणि ज्या शाळेत रुग्ण सापडेल तेवढीच काही दिवस बंद. त्या महिन्यात रुग्ण सापडलेच, शाळा बंदही झाल्या, पण एकेकट्या. राज्य थांबलं नाही.

पहिली ते आठवीला मात्र १ नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागलं. म्हणजे २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं पापनाशमचं मूल वर्गात पहिल्यांदा बसलं ते दुसरीत असताना. या मुलांना हात द्यायला २७ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘इल्लम तेडी कल्वी’, म्हणजे शिक्षण घराच्या दारी, ही योजना सुरू झाली: संध्याकाळी गल्लीतच, वीसेक मुलं आणि गावातलाच एक स्वयंसेवक, महिना हजार रुपये मानधनावर. ती कशी चालली आणि कुठे अडली, ते पुढच्या लेखांकात.