जामीन कोण राहणार?

उद्योगिनींच्या ओळखीपाळखी १९९१ नंतर, हॉटेलातल्या परिषदांमधून सुरू झाल्या, असं काही अभ्यासक हिरिरीने मांडतात. त्यांनी आपल्या आजीला कधी काही विचारलेलं दिसत नाही.

१८५२ सालच्या संक्रांतीला सावित्रीबाईंनी पुण्यात सगळ्या जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसवून तिळगूळ दिला. पुढे पंडिता रमाबाईंचा आर्य महिला समाज (१८८२), रमाबाई रानड्यांचं पुण्यातलं सेवासदन (१९०९). १९५९मध्ये गिरगावातल्या सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, ती लिज्जतची कथा आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. तेव्हा पुढे जाऊ.

माझा जीव अडकलाय तो गिरणगावातल्या खानावळवाल्यांत. चाळीतल्या एका खोलीत स्टोव्ह, दोन मोठी पातेली आणि दहा-पंधरा गिरणी कामगारांचे डबे. श्रावणात मासळी बंद, एकादशीला साबुदाणा. गिऱ्हाइकाचे उपास बाईला तोंडपाठ. पैसे मात्र पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. संप लांबला की सगळंच बुडीत. मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. गहाण टाकायला काही नसलेल्या बायकांचे गट केले, एकमेकींना जामीन ठेवलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

कुणाला जामीन राहायचं, हे कसं ठरे? मी ज्या खोल्यांमधून हिंडले तिथे भजनी मंडळातच ते ठरायचं. टाळ खाली ठेवले की बोलणं सुरू. कुणाचा नवरा पितो, कुणी वाण्याचे पैसे वेळेवर फेडले, कुणाच्या मुलीचं लग्न तोंडावर आहे. बँकेचा साहेब जी पतपडताळणी करतो, ती इथे चहाच्या कपावर होत असे. आणि भजनाला जायला सासूही आडकाठी करीत नसे.

सणवार-भजनांचं असं कौतुक करते म्हणून आमच्या काही विदुषी मैत्रिणी मला प्रतिगामी ठरवतात. हळदीकुंकवाने विधवांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. मी तो कधी नाकारलेला नाही. पण म्हणूनच मी भजनी मंडळाचं गाणं गाते. खानावळवाल्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. टाळ वाजवायला कपाळावर कुंकू लागत नव्हतं.

बायका एकत्र आल्या की बँकेचं दार उघडतं, हे म्हसवडच्या माणदेशीनेही दाखवलं. चेतना सिन्हांच्या पुढाकाराने १९९७मध्ये तिथे महिलांची सहकारी बँक निघाली. त्याआधी सभासद निरक्षर म्हणून परवाना नाकारला होता. तेव्हा बायका शिकल्या आणि तोंडी व्याज काढून दाखवायला रिझर्व्ह बँकेत गेल्या.

आता काय चाललंय? बचत गटांचे आकडे भाषणात येतात, प्रदर्शनांत स्टॉलचं भाडं आगाऊ भरावं लागतं, फराळाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. मेळावा नेमका मुलांच्या शाळेच्या वेळेत, नाहीतर महालक्ष्म्या जेवायच्या दिवशी. दिवसभर सत्कार, सेल्फी आणि व्हिजिटिंग कार्डांची देवघेव. शेजारच्या स्टॉलवालीला भांडवल कमी पडतंय, याची कुणाला दाद ना फिर्याद.

पुढच्या मेळाव्यात मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलंच, तर शाल-श्रीफळ नको. व्यासपीठावरून एकच विचारीन: समोर बसलेल्यांपैकी कोण कोणाला जामीन राहायला तयार आहे? हात वर झाले तर पुढचं बोलू.